आधी मागची बाजू

मस्कतमधल्या त्या वास्तुरचना कचेरीत मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा माझी अपेक्षा अशी होती की कुणीतरी माझे नाव विचारील, शिक्षण विचारील, फार तर नवरा कुठे नोकरीला आहे हे विचारील. वयाच्या पंचेचाळिशीत पहिली नोकरी धरणाऱ्या बाईला असले प्रश्न येणारच, म्हणून उत्तरे मी घरून पाठ करून नेली होती. कोपऱ्यातल्या तिरक्या टेबलाशी बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले,

"कुठनं आलीस?"

मी म्हटले, "पुण्याची."

"ता नाय गो बाय. आता हितं वर कुठनं आलीस?"

"लिफ्टने."

त्यांनी खेदाने मान हलवली. पायांत चपला सरकवल्या आणि अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणून चालू लागले. मी त्यांच्या मागोमाग आगीच्या जिन्याने चार मजले उतरून इमारतीच्या मागच्या बाजूला आले. तिथे एअर कंडिशनरांची यंत्रे गरम हवा ओकत होती. त्यांच्या खाली टपकणाऱ्या पाण्यावर कुणीतरी पुदिना लावला होता. शेजारी एक मोडकी खुर्ची होती, तिच्या पाठीवर ओला पंचा वाळत होता आणि भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर हाताएवढा आरसा टांगला होता.

"समोर काच हाय, संगमरवर हाय, नाव हाय," ते म्हणाले. "ता सगळ्यांना दिसतं. हितं माणूस दाढी करतो. इमारत आधी मागनं बघायची, मग पुढनं. आता वर चल. आता तू आलीस."

सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणत असे, म्हणून मीही चाचाच म्हणू लागले. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे ते कोकणी मुसलमान. मुंबईत वास्तुरचनेचे रीतसर शिक्षण घेऊन तरुणपणीच ओमानला आले आणि मग परत जायचे राहूनच गेले. इंग्रजी उत्तम, अरबी त्याहून उत्तम. मराठी माणूस भेटला की मात्र ते ताबडतोब गावच्या बोलीवर उतरत, एखाद्याने घरी येताच बूट काढावेत तसे.

त्यांचा मागच्या बाजूचा छंद इमारतींपुरता नव्हता. सदरा विकत घेताना ते आधी उलटा करून शिवण पाहत. उपाहारगृहात गेले की स्वयंपाकघराच्या दाराशेजारचे टेबल मागत, आणि तिथून आतल्या आचाऱ्याशी मल्याळीत हुज्जत घालत. छायाचित्रे काढत तीही पाठमोऱ्या माणसांची. एकदा व्हिसाच्या कामासाठी आम्ही एका फोटोच्या दुकानात गेलो, तेव्हा ते दुकानदाराला गंभीरपणे म्हणाले, "पासपोर्टावर माणसाची पाठ छापली पायजे. तोंड काय, कुणी पण सरळ करतो." दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

त्यांच्या पत्नी रत्नागिरीलाच असत. एकदा त्या फोनवर दिसल्या, तेव्हा मी त्यांना भीतभीतच या सवयीबद्दल विचारले. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"अगो, मना बघायला आले तवा ओटीवर आमची मंडळी सरबत घेऊन उभी, आन् ह्यो नवरामुलगा गायब. मी परसात विहिरीवर, हातात कळशी, केसाला तेल. मागं वळून बघतंय तर ह्यो उभा. म्हणतो कसा, विहिरीचं कठडं चांगलं बांधलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, पाणी पिऊन जा. आमच्यात पाहुणा ओटीवर बसतो गो बाय. परसात येतो तो घरचा. म्हटलं, ह्यो आताच घरचा झाला, आता नाय कसं म्हणू?"

फोनच्या चौकटीबाहेरून चाचांचा आवाज आला, "कठडं खरंच चांगलं होतं."

शुक्रवारी सकाळी ऊन चढण्याआधी चाचा ओळखीच्यांना घेऊन भटकायला निघत. मस्कतच्याच अल् घुब्रा भागात राहणारी दोन-तीन मराठी कुटुंबे, त्यांत वसईचे एक कॅथलिक जोडपे, आणि मी, नवरा, मुलगी असे आमचे त्रिकूट. चाचांच्या खांद्याला कहव्याचा, म्हणजे वेलदोड्याच्या अरबी कॉफीचा थर्मास, पिशवीत खजूर आणि कान नसलेल्या इवल्या पेल्यांची चळत. मत्राचे बंदर पाहायला म्हणून निघालो, की सगळे जग ज्या किनाऱ्यावरच्या नक्षीदार सज्जांची छायाचित्रे काढते, त्यांच्याकडे पाठ करून हे आम्हाला मागच्या गल्लीत नेत. तिथे पाण्याच्या टाक्या, पावसाळी नाल्याची कोरडी फरशी, दारात वाळत घातलेले मासे. रुस्ताकच्या किल्ल्यातही तेच. बुरूज राहिले बाजूला, आम्ही सगळे वाकून किल्ल्यात शिरणारा पाण्याचा पाट पाहत होतो. डोंगरातून येणारा पाट आधी पिण्याच्या पाण्याला, मग मशिदीला, मग धुण्याला आणि शेवटी खजुरीच्या बागांना कसा जातो, हे ते अशा कौतुकाने सांगत की जणू पाटाला शिस्त त्यांनीच लावली होती.

माझी मुलगी तेव्हा इंग्रजी शाळेच्या वळणाचे मराठी बोलत असे. ती एकदा कंटाळून म्हणाली, "चाचा, फ्रंट कधी येणार?"

"येल," चाचा म्हणाले. "फ्रंट कुठं पळून जात नाय."

कहवा प्यायची रीतही त्यांनीच आम्हाला शिकवली. पेला रिकामा झाला की वाढणारा पुन्हा भरतो. नको असेल तर पेला मनगटात हलकेच हलवायचा. आणि एक रीत त्यांनी जाता जाता सांगितली, ती मी तेव्हा फारशी मनावर घेतली नव्हती. पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला, तर त्याला यजमानाकडे काही मागायचे आहे असे समजतात. यजमानाने ते ऐकून घेतल्याशिवाय पाहुणा कहव्याला तोंड लावत नाही.

"आणि यजमान नाही म्हणाला तर?" वसईच्या बाईंनी विचारले.

"मग कहवा थंड. खलास."

कचेरीत माझे काम अहवाल लिहिण्याचे. जुन्या वास्तूंची डागडुजी करायची असली, की त्या वास्तूचा पूर्वेतिहास, भोवतालची वस्ती, वापर, हे सगळे मी इंग्रजीत मांडून द्यायचे. लिहायला मला अडचण नसे. बैठकीत बोलायची वेळ आली की मात्र तोंड उघडत नसे. मी चाचांच्या कानात सांगत असे आणि ते मोठ्याने बोलत. एकदा माझा अहवाल परत देताना ते म्हणाले,

"सुरेख लिहिलंस. सगळी दर्शनी बाजू. आत कोण राहतं ता कळत नाय."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी राग गेला, पण वाक्य तिथेच राहिले.

मग इब्राचे काम आले. इब्राच्या जुन्या वस्तीत एका मोठ्या घराण्याचा सब्ला होता. सब्ला म्हणजे गावाची बैठक. आपल्याकडची चावडी आणि घरचा दिवाणखाना एकत्र केला तर जे होईल ते. लग्नाची बोलणी, मयताचा समाचार, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, भांडणतंटे, सारे तिथेच. मातीच्या जाड भिंती, लांबट खोली, आणि पाटाच्या कडेने जाणाऱ्या अरुंद गल्लीत उघडणारा कोरीव लाकडी दरवाजा. घराण्याचे वडील, ज्यांना सगळे शेख म्हणत, ऐंशीच्या घरातले होते. वास्तू पाडायची नाही, दुरुस्त करायची, इतके त्यांनी ठरवले होते. प्रश्न दाराचा होता.

गल्लीत मोटार येत नाही. नवा रस्ता आणि गाड्या लावायचे पटांगण सब्ल्याच्या पाठीमागे. शेखांचा मुलगा अभियंता होता, समजूतदार आणि गोड बोलणारा. त्याचे म्हणणे असे की मागची भिंत फोडून तिथे काचेचे प्रशस्त प्रवेशद्वार करावे आणि गल्लीचा दरवाजा कायमचा बंद करून आतून शोभेसाठी ठेवावा. कारणही खरे होते. त्याचे चुलते चाकांच्या खुर्चीवर असत, आणि गल्लीतल्या पायऱ्यांमुळे त्यांना सब्ल्यात येऊन बरेच दिवस झाले होते.

कचेरीत सर्वांना ते पटले. मलाही पटले. शिवाय मला वाटले, मागच्या बाजूचे एवढे वेड असलेल्या चाचांना तर आनंदच होईल. चाचांनी नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "दार हलणार नाय."

"पण चाचा, तुम्हीच तर नेहमी..."

"मी बगायचं सांगतो. शिरायचं कुठं सांगितलं?"

यापुढे ते काही बोलेनात. त्यांचा व्हिसा त्या वर्षअखेरीस संपणार होता आणि तो वाढवायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. म्हणजे हे त्यांचे ओमानमधले शेवटचे काम. शेखांच्या मुलाने काचेच्या दाराचा आराखडा मागितला की ते तो उद्यावर ढकलत. इन्शाल्ला म्हणत आणि पेन्सिलीला टोक काढत बसत. कचेरीचे मालक चिडले. आठवड्यामागून आठवडे जाऊ लागले तेव्हा ते मला म्हणाले, "त्यांना काचेचे दार का नको, हे तरी शोधून काढा." मी विचारले, तेव्हा चाचांनी मला खजूर दिला.

त्याच सुमारास आम्हाला दोघांना लिव्हरपूलला पाठवण्यात आले. तिथल्या एका कचेरीशी आमचे काम चाले. जुनी गोदामे आणि सार्वजनिक इमारती आजच्या उपयोगात कशा आणल्या आहेत हे पाहून यायचे होते. चाचांना पाठवण्यात मालकांचा हेतू उघड होता. तिथली काचेची दारे पाहून म्हाताऱ्याचे मन वळेल.

पहिल्याच सकाळी आम्ही नदीवर गेलो. मर्सी नदी समुद्राएवढी रुंद आणि चहाच्या रंगाची. वारा असा की माझी ओढणी मी अखेर पिशवीत कोंबली. काठावर तीन अवाढव्य इमारती नव्या नवऱ्यांसारख्या ओळीने उभ्या होत्या. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाण्याकडे पाठ केली, नाकाने हुंगले आणि म्हणाले, "चल. हितनं वर."

नकाशा त्यांनी काढला नाही. पाटाच्या कडेने खालून वर जावे तसे ते बंदराकडून शहराकडे निघाले, आणि तेही मुख्य रस्त्याने नव्हे. दोन भव्य कचेऱ्यांच्या मधल्या बोळातून, मग त्यांच्या मागच्या अंगाने. समोरच्या बाजूला दगडी सिंह, खांब, कमानी. मागच्या बोळात मात्र भिंतींना पांढऱ्या, चकाकत्या विटा होत्या. मी विचारले, हे कशाला.

"उजेड आत जायला. बोळ अरुंद, आत कारकून बसलेला. ऊन विटेवर पडतं, विटेवरनं त्याच्या टेबलावर जातं." त्यांनी विटेवरून तळवा फिरवला. "पुढं सिंह, मागं उजेड. मना ह्यो मागचा वास्तुशिल्पी भेटायला पायजे होता."

असे दोन दिवस आम्ही ते शहर उलटे पाहिले. लाल विटांची गोदामे, लोखंडी खांब, दोऱ्या घासून खोल चरे पडलेले दगडी कोपरे. आमचे यजमान आम्हाला काचेची दारे दाखवत आणि चाचा शिष्टपणे मान डोलावत. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मला टाउन हॉलच्या मागच्या चौकात घेऊन गेले. फरसबंदी चौक, तिन्ही बाजूंना कचेऱ्या, आणि समोर टाउन हॉलची पाठ. चाचा बाकावर बसले. थर्मास उघडला. मला पेला दिला आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

"माजा बाप बोटीवर तेलवाला होता. इंजिनात तेल घालायचा. बोट हितं लागली की दहा-दहा दिवस उभी. गोदीतनं वर यायचा, जुना कोट घ्यायला, साबण घ्यायला. ह्याच बोळांतनं. ह्या चौकात यायचा, ही पाठ बगायचा आन् परत जायचा."

"समोर नाही गेले कधी?"

"नाय."

"कुणी अडवलं का?"

"कुणी अडवलं नाय. कुणी बोलावलं पण नाय. अंगाला तेलाचा वास. तो म्हणायचा, पुढं मोठी माणसं आसतील, आपण कशाला." त्यांनी वर बोट दाखवले. भिंतीवर कोरीव कामाची एक पट्टी होती. तीत मगर होती, उंट होता, हत्ती होता. "बग. हत्ती वर चढवला. खलाशी खाली ठेवला."

ते पुढे म्हणाले, "घरी आला की आमाला सांगायचा, लिव्हरपूल लय मोठं शहर. आमी विचारायचो, कसं हाय? तो मागच्या भिंतींचं सांगायचा. पाइप किती जाड, धुराडी किती, कुठल्या बोळात वारा लागत नाय. मना लहानपणी वाटायचं, शहर म्हणजे तेवढंच. शाळेत पहिल्यांदा ह्या इमारतीचं चित्र बगितलं, समोरनं. मी मास्तरांना म्हटलं, ही ती नव्हे."

मग आम्ही वळसा घालून समोर गेलो. खांबांवर तोललेला सज्जा, वर घुमट, पुढे सरळ जाणारा रुंद रस्ता. पायऱ्यांवर गणवेशातली एक मध्यमवयीन बाई उभी होती. आम्हाला पाहून तिने हसून सांगितले की आज आत एक समारंभ आहे, पाहुण्यांना उद्या सकाळी घेतात. ती बोलताना दर वाक्याला आम्हा दोघांनाही 'लव्ह' म्हणत होती. चाचांनी थर्मास उघडून तिला कहवा दिला. तिने तो प्यायला, त्यांनी पुन्हा भरला. तिने भिडेने प्यायला, त्यांनी पुन्हा भरला. चौथ्या पेल्याला ती माझ्याकडे केविलवाण्या चेहऱ्याने पाहू लागली, तेव्हा मी तिला पेला हलवून दाखवला.

"देवा," ती म्हणाली, "आधी सांगायचंत ना." मग तिने विचारले, आम्ही कुठून आलो.

"मस्कतहून," मी म्हटले. का कुणास ठाऊक, पुढे हेही म्हणाले, "यांचे वडील इथे बोटीवर येत असत."

बाईने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "असं करा, लव्ह. मागच्या दाराने या. मागच्या जिन्याने पाच मिनिटं नेऊन आणते. एवढ्या लांबून आलात."

तिचे मन निर्मळ होते. चाचांनी दोन्ही हात छातीशी नेले.

"तुमचे उपकार," ते इंग्रजीत म्हणाले. "पण मागच्या दाराने मी येणार नाही. उद्या येतो. इथून."

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांबरोबर आमची शेवटची बैठक होती. चाचा तिकडे गेले नाहीत, आणि आयुष्यात प्रथमच न सांगता मीही गेले नाही. टाउन हॉलचा दरवाजा उघडला तेव्हा चाचा इस्त्रीचा सदरा घालून पायऱ्यांवर उभे होते. उंबऱ्याशी ते थांबले, वाकले, आणि सब्ल्यात शिरताना काढतात तसे त्यांनी बूट काढले. डाव्या पायाच्या मोज्याला भोक होते आणि अंगठा बाहेर आला होता.

कालचीच बाई दारात होती. "अहो, बूट राहू द्या, लव्ह, इथे तशी गरज नसते."

चाचांनी ऐकले नाही. ते त्या चकचकीत फरशीवर मोज्यांनी चालत आत गेले. मी क्षणभर घुटमळले आणि मग माझेही बूट काढले. मागे वळून पाहिले, तर ती बाई खाली बसून आमचे दोन्ही जोड भिंतीशी नीट लावून ठेवत होती. परत जाताना पायांत सरकवायला सोपे जावे म्हणून टोके बाहेरच्या दिशेला.

समोर प्रचंड जिना होता, वर झुंबर होते. चाचांनी त्यांकडे एकदा पाहिले, मग पाठ फिरवली आणि दरवाजातून बाहेर पाहू लागले. समोर तो रुंद रस्ता दूरवर गेला होता. बस थांबत होती, माणसे वाऱ्याने वाकून चालत होती.

"बग," ते म्हणाले. "हितनं रस्ता कसा दिसतो."

दोन बस येऊन गेल्या, तरी ते तसेच उभे होते. मग म्हणाले, "यल्ला."

इब्राची निर्णायक बैठक त्यानंतर महिनाभराने झाली. काचेच्या दाराचा आराखडा चाचांनी केला नव्हताच. तो दुसऱ्या कुणीतरी केला होता आणि मुलाने तो गालिच्यावर पसरला होता. शेख भिंतीला टेकून बसले होते, शेजारी काठी. मीही होते, कारण अहवाल माझा. उंबऱ्याशी चपला काढल्या, बसलो, कहवा आला. शेखांनी पेला चाचांच्या हाती दिला. चाचांनी तो घेतला, मान लववली आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

मुलाने आराखड्यावरचा हात उचलला.

शेखांनी अरबीत विचारले. त्यांचे अरबी मला जेमतेम समजे, पण तो प्रश्न समजला. काय मागणे आहे?

चाचा म्हणाले, "मागणं माझं. सांगणार ही." आणि माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "दर्शनी बाजू नको, बाय. आतलं सांग."

मी हातातला अहवाल खाली ठेवला. पळून जायचे तर दार एकच होते, आणि त्याच्याविषयीच बोलायचे होते. मी इंग्रजीत सुरुवात केली. शेखांना इंग्रजी येत नव्हते, तेव्हा मुलालाच भाषांतर करावे लागले. मी त्याच्या काचेच्या दाराविरुद्ध बोलत होते आणि तो माझे एकेक वाक्य उचलून वडिलांपुढे ठेवत होता, एकही शब्द न गाळता. त्याचा तो प्रामाणिकपणा मला अजून आठवतो.

मी इतिहास सांगितला नाही, कोरीव कामाविषयी बोलले नाही. तेलाचा वास येणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली, ज्याने एक शहर कित्येक वर्षे पाठीमागूनच पाहिले, आणि त्याचा मुलगा पुढच्या दाराने जाण्यासाठी एक दिवस थांबला, हे सांगितले. बूट काढल्याचे आले तेव्हा मी अडखळले, पण मोज्याचेही सांगितले. मुलगा क्षणभर थबकला. चाचांकडे पाहिले. मग तेही भाषांतर केले.

शेखांनी काहीतरी विचारले. मुलगा हसू दाबत म्हणाला, "वडील विचारतात, कुठल्या पायाचा मोजा?"

"डाव्या," मी म्हटले.

शेखांनी मान डोलावली, जणू ही नोंद महत्त्वाची होती. त्यांनी मागच्या भिंतीकडे काठी रोखली. मग संथपणे बोलू लागले आणि मुलगा माझ्यासाठी इंग्रजीत सांगू लागला.

"त्या भिंतीकडून जळण यायचं. गुरांचा चारा यायचा. पाहुणा कधी तिकडून आला नाही. वडील विचारतात, मी माझ्या पाहुण्याला चाऱ्याच्या वाटेने आणू का?" तो थांबला. मग स्वतःचे म्हणून म्हणाला, "पण माझे काका? त्यांनी काय करायचं? त्यांनाही पाहुण्यासारखं यायचं आहे."

उत्तर चाचांच्या सदऱ्याच्या खिशात होते. त्यांनी घडी घातलेला एक कागद काढून आराखड्यावर ठेवला. आराखडा न करता इतके दिवस पेन्सिलीला टोक काढत ते जे करत होते, ते हे. पटांगणापासून पाटाच्या कडेने वळसा घेत येणारी, खजुरीच्या सावलीतली एक वाट, आणि गल्लीतल्या पायऱ्यांच्या जागी हलका उतार. चाकांची खुर्ची पाण्याच्या सोबतीने येऊन कोरीव दारासमोर थांबत होती. मुलाने कागद उचलला, उताराचे माप पाहिले, पुन्हा पाहिले.

"हे आधी का नाही दाखवलंत, चाचा?"

"तू काच मागत होतास. वाट कुठं मागितलीस?"

शेखांनी चाचांचा पेला उचलला, थंड झालेला कहवा बाजूच्या भांड्यात ओतला, स्वतःच्या हाताने नवा भरला आणि पुढे केला.

"पी," ते म्हणाले.

चाचांनी तो प्यायला आणि मग पुढचा प्यायला. पेला त्यांनी लवकर हलवलाच नाही.

वर्षअखेरीस ते गेले. विमानतळावरही त्यांनी प्रवेशद्वारातून आत जायच्या आधी मला मालवाहू गाड्यांच्या बाजूला नेऊन आणले. सब्ला आता पुरा झाला आहे. कचेरीत नवे कुणी आले, की मी शुक्रवारी त्यांना इब्राला नेते. बैठकीत आता मी स्वतःच बोलते. आवाज अजून थोडा कापतो, पण कानात सांगायला दुसरे कुणी नाही.

गेल्या आठवड्यात मुलीलाही घेऊन गेले होते. सब्ल्यात शेखांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीतले चुलते बसले होते आणि दोघे पाटाच्या पाळीवरून तावातावाने भांडत होते. घरी आल्यावर मी रत्नागिरीला फोन लावला.

"कुठनं गेलीस?" चाचांनी तब्येत विचारायच्या आधी विचारले.

"आधी मागून पाहिलं. मग वाटेने फिरून समोरून आत गेलो."

"चपला?"

"उंबऱ्याशी काढल्या."

"बरं केलंस." त्यांच्यामागे परसातले कावळे ओरडत होते. मग ते म्हणाले, "मे महिन्यात गावाला येतेस ना? आमच्या घराला ओटीकडनं येऊ नको. आतापासनं सांगून ठेवतो. बोळातनं ये, परसात."

मी तिकिटे काढली आहेत. मुलगी रोज विचारते, चाचांच्या घराचा फ्रंट कसा आहे. मला ठाऊक नाही. परसात विहीर आहे आणि तिचा कठडा चांगला बांधलेला आहे, एवढे मी तिला सांगितले आहे.